भालूअण्णांनी लिहिलेलं 'नाही'

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. लोक तुमच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, तो विश्वास विकून पोट भरावं का? बघा, कशा माना हलल्या! "छे छे, महाराज!" अहो, मंडपात पंख्याखाली बसून मान हलवणं सोपं आहे हो! घर कसं चालवायचं हा घोर लागलेला असताना हलवून दाखवा!

ऐका. गडहिंग्लजकडचं एक बाजाराचं गाव. तिथं मगदूम डॉक्टरांचा दवाखाना आणि त्या दवाखान्यात सव्वीस वर्षं एकच कंपाउंडर, भालचंद्र लोहार. गाव म्हणायचं भालूअण्णा. डॉक्टर तपासायचे, तोंडानं सांगायचे, आणि केसपेपरवर लिहायचं कोणी? अण्णांनी! कारण डॉक्टरांचं अक्षर — जाऊ दे, पुढं दोन डॉक्टर बसलेत, उगीच वाईटपणा नको. तर कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला मूळव्याध, सगळं अण्णांना ठाऊक! पण कधी बाहेर एक शब्द नाही. म्हणून गावात काहीही निघालं की लोक म्हणायचे, "अण्णा म्हणाले ना? मग झालं!"

गुढीपाडव्याच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, "भालू, हात थरथरतात रे आता. दिवाळीनंतर दवाखाना बंद." झालं! पन्नाशी उलटलेला माणूस, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आता या वयात नोकरी द्यायची कुणी?

तिथं उगवले पावसकर साहेब. विमा कंपनीचे. कडक इस्त्री, हातात टॅब! "अण्णा, आमचे एजंट व्हा. सरकारी कार्डावर ऑपरेशन होतं, पण माणूस दवाखान्यात पडला की त्याचा रोज बुडतो, तो कोण देतं? आमची ही वरची पॉलिसी देते. दवाखान्यातल्या दर दिवसाला ठरलेली रक्कम!"

यात वाईट काय आहे? काही नाही! हातावर पोट असलेल्याला असा आधार पाहिजेच. मी विम्याच्या विरुद्ध बोलत नाही हां, उद्या कुणी एजंट भांडायला येऊ नका माझ्याशी!

अण्णांनी बायकोला विचारलं. मंदावहिनी म्हणाल्या, "काम बरं वाटतंय हो. पण तुम्हाला बोलता कुठं येतं? बोहारणीपुढंसुद्धा तुमचं काही चालत नाही!"

अण्णा म्हणाले, "साहेब म्हणतात बोलायची गरजच नाही. लोकांचा विश्वास आहे, तेवढा पुरे."

ऐकलंत? साहेबाला अण्णांची हुशारी नकोच होती! सव्वीस वर्षांचा विश्वास हवा होता, आयता!

साहेब म्हणाले, "परीक्षा, लायसन होईल सावकाश. आधी माझ्या एजंट कोडवर, माझ्या नावावर, थोडे फॉर्म भरून बघा. जमलं तर या धंद्यात, नाहीतर राम राम." अण्णांना पटलं. धंदा करून बघायचा, मग ठरवायचं.

पहिला फॉर्म हौसाक्कांचा. एसटी स्टँडवर चिरमुरे-फुटाण्याची पाटी घेऊन बसणारी एकटी बाई. पाटी लागली तर चूल पेटणार! स्टँडवरच्या बाकावर अण्णा विचारतायत, अक्का सांगतायत. नाव, वय, वारस. आणि आला तो रकाना — पूर्वीचा काही आजार? हो की नाही?

अक्का म्हणाल्या, "मला साखर हाय की ओ अण्णा! गोळ्या तुमीच देताय न्हवं?"

लपवलं का बाईनं? नाही! स्वतःच्या तोंडानं सांगितलं! अण्णांचं पेन थांबलं. शेजारी बसलेले साहेब कानाशी लागले, "अण्णा, 'हो' लिहिलंत तर फॉर्म वर अडकतो. तपासण्या लागतात, हप्ता वाढतो. बाईचंच नुकसान. 'नाही' लिहा, सगळे तेच लिहितात."

आणि अण्णांना काय वाटलं माहितीय? आपण अक्कांवर उपकार करतोय! कुणाचा आजार बाहेर सांगायचा नाही, ही सव्वीस वर्षांची सवय! तीच इथं आडवी आली. ही चूक कंपाउंडरच करू जाणे! म्हणाले, "अक्का, ते मी बघतो. तुम्ही इथं सही करा." आणि लिहिलं — नाही!

अरे, काय माणूस म्हणायचा हा! रोज गोळी मोजून देतोस आणि आजार नाही म्हणून लिहितोस? कुणाच्या जिवावर?

दिवस गेले. अण्णांचे बारा फॉर्म झाले, साहेब खूश, परीक्षेची तारीख मिळाली. आणि हौसाक्कांच्या पायाला चप्पल लागली. साखरेचा पाय तो, चिघळला! अंगठा काढावा लागला. ऑपरेशन कार्डावर झालं, पण दवाखान्यात अकरा दिवस आणि पुढं दीड महिना पाटी बंद. तरी अक्का निर्धास्त! शेजारणीला सांगतायत, "अण्णांनी कागद करून दिलाय. मला कशाचा घोर?"

कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर! का? तुम्ही आजार लपवलात! सोबत पुरावा — मगदूम डॉक्टरांचा जुना केसपेपर. 'मधुमेह, सहा वर्षे.' अक्षर कुणाचं? अण्णांचं! आणि फॉर्मवरचं 'नाही'? तेही अण्णांचंच! दोन्ही कागद एकाच माणसानं लिहिलेले, आणि खोटी कोण ठरली? जी खरं बोलली ती! अंगाचा तिळपापड होतो की नाही, सांगा!

अक्का काठी टेकत दवाखान्यात आल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! पत्र पुढं केलं आणि म्हणाल्या, "अण्णा, मी लबाड हाय असं लिवलंय म्हणं ह्यात. मी सांगितलं हुतं न्हवं तुमास्नी? का माझ्याकडनंच सांगायचं ऱ्हायलं?"

बाई स्वतःवर संशय घ्यायला तयार, पण अण्णांवर नाही! अण्णांनी ते पत्र उचललं.

तडक गेले साहेबांकडं. साहेब हसले, "अहो, दहातला एखादा असा जातोच. परवा परीक्षा आहे, ती बघा."

"साहेब, बाकीच्या अकरा फॉर्मवरसुद्धा मी 'नाही'च लिहिलंय."

"छान केलंत!"

छान! मंडळी, 'छान' म्हणाला हो तो! जीभ झडली नाही मेल्याची!

अण्णा म्हणाले, "मी खरं काय ते लेखी दिलं तर?"

"तर तुमचं लायसन विसरा. मुलीची फी कुठनं भरणार?"

अण्णा घरी आले. ताटावर बसले आणि तसेच उठले. मंदावहिनी म्हणाल्या, "घास जात नाहीये तुमच्या तोंडात. असंच उठणार असाल तर त्या कमाईचं मी शिजवू कुणासाठी?"

अण्णांनी कागद घेतला. 'हौसाबाईंनी आजार सांगितला होता. "नाही" मी लिहिलं.' खाली सही. तो कागद जोडून अक्कांचा अर्ज विमा लोकपालाकडं गेला. आणि अण्णा त्या अकरा घरी स्वतः गेले, "कागद दुरुस्त करून घ्या, मी चुकीचा भरलाय." कुणी हार घातला का? नाव नको! दोघांनी दारातनं हाकललं. एकानं चोर म्हटलं.

सात महिन्यांनी अक्कांना त्यांच्या दिवसांचे पैसे मिळाले. अण्णा आता एका मेडिकलात उभे असतात, दिवसभर. पगार बेताचा. मुलीचं एक वर्ष बुडालं. देवानं विमान पाठवलं असं मी सांगणार नाही, कारण नाही पाठवलं!

आता तुम्ही खूश. साहेब वाईट, कंपनी वाईट, चला प्रसादाला! थांबा! त्या अकरा घरांतल्या नऊ घरांनी काय सांगितलं होतं अण्णांना? "आजाराचं तेवढं लिहू नका बरं का!" अहो, ते 'नाही' एकट्या एजंटाचं नसतं. आपण त्याच्याकडून लिहवून घेतो! आणि जी पोरं या धंद्यात जायचं म्हणतायत, त्यांनी जरूर जावं. पण कमिशन किती हे नंतर विचारा. पहिल्याच फॉर्मवर 'हो' लिहायची छाती आहे का, ते आधी बघा. नसेल तर गवत कापा, पण त्या बाकावर बसू नका!

तुमच्या घरातल्या कागदावर काय लिहिलंय, ठाऊक आहे? खाली काय बघताय? मला विचारा की! मला बीपी आहे, आठ वर्षं झाली. काल माझी पॉलिसी काढून बघितली. 'नाही' लिहिलंय. एजंट बिचारा विचारत होता, मीच म्हणालो, "लिही रे, कोण बघतंय!"

तोच बघतोय, तो मागं विटेवर उभा आहे ना, तो. त्याच्याकडं पाठ करून दोन तास मी तुम्हाला शहाणपण शिकवलं. उद्या दहा वाजता मी तो कागद दुरुस्त करायला निघालोय. बोला, कोण येतंय बरोबर?