साहेबांचे आक्षेप आणि आमची शेगडी

अध्यक्षस्थानी विराजमान झालेल्या महापौरबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कायदा सल्लागार साहेब, पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हळहळणारे आमचे घरमालक, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या भाडेकरू बंधू-भगिनींनो! खुर्च्या कमी पडल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जागा आपली नाही, हे आपल्याला नव्यानं का कळायचं आहे?

साहेब आज निवृत्त होताहेत. भाडेकरूंच्या वतीनं कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. शिकलेल्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा माझ्यावर आलं. मला अक्षर येत नाही. मी सांगितलं, नातीनं उतरवलं आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं. मध्येच अडले तर समजून घ्या. मी काही साहेबांसारखी मुद्दाम अडणार नाही.

साहेबांचे आमच्यावर उपकार फार. मनाला येईल तसं भाडं वाढवू नये, कारणाशिवाय कुणाला बाहेर काढू नये, असा शहराचा कायदा याच सभागृहात पहिल्यांदा मांडला गेला, तेव्हा या नातीचे दुधाचे दात पडत होते. आता ती कॉलेजात जाते. साहेबांनी घाई म्हणून होऊ दिली नाही. आधी विचारलं, असा कायदा करायचा अधिकार शहराला आहे का? वरून उत्तर आलं, आहे. मग विचारलं, मालकाच्या मालमत्तेच्या हक्काचं काय? तेही निस्तरलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण ती बिचारी आपसूक येतात. इथे त्यासाठी पगारी माणूस होता.

शेवटी साहेबांनी विचारलं, ‘घर’ म्हणजे काय? बघा, कसा खोल प्रश्न! मग साहेबांनीच लिहून दिलं की, जिथे स्वयंपाकाची सोय आहे, तेच घर. दुसऱ्याच दिवशी आमच्या मालकांनी गवंडी बोलावला आणि मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघराचा ओटा फोडून दाराला कुलूप लावलं. म्हणाले, “आजी, दुरुस्ती आहे.” ओटा गेला, घरपण गेलं. कायदा झाला तरी आता तो आम्हाला लागू होणार नाही. लगोलग मला निरोप आला, या महिनाअखेर खोली खाली करा.

मी साहेबांच्या कचेरीत गेले. म्हटलं, “साहेब, ते घरच नाही, तर मालक भाडं कशाचं घेतो?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मुद्दा विचार करण्याजोगा आहे, आजी.”

आणि केला की विचार! तोही एक आक्षेप म्हणून कायद्याच्या विरोधात जोडून टाकला. असा कामसू माणूस मिळायला भाग्य लागतं.

आता एक घरातली गोष्ट सांगते. साहेब, रागावू नका. निवृत्तीबरोबर सरकारी बंगलाही सुटतो. म्हणून मागच्या आठवड्यात साहेब खोली बघायला आले. कुठे? माझ्या शेजारी. आत शिरून पहिला प्रश्न, “आजी, स्वयंपाकघर कुठाय?”

मी म्हटलं, “तुमच्या आक्षेपात.”

मालक म्हणाले, भाडं दर वर्षी वाढेल, आणि सांगेन त्या दिवशी निघायचं. साहेबांचा चेहरा पडला. “अहो, असं कसं? याला काही कायदा आहे की नाही?”

“नाही हो,” मी म्हटलं. “होणार होता.”

तरी साहेबांनी खोली घेतली. बाकीच्या तर याहून महाग. उद्यापासून आम्ही शेजारी.

महापौरबाई, आता तुमच्याशी बोलते. साहेबांच्या कचेरीतल्या टंकलेखिका ताई म्हणाल्या, नवे सल्लागार पुढच्या महिन्यात येणार. माझी मुदत त्याआधी संपते. उद्या सभा आहे आणि सल्लागाराची खुर्ची रिकामी. सुंठीवाचून खोकला जातो तो असा. उद्या ती स्वयंपाकाची ओळ खोडा, ‘माणूस राहतो ते घर’ एवढंच लिहा आणि हात वर करा. नव्या शेजाऱ्यांची हरकत असेल, तर त्यांनी आत्ता सांगावं. बघा, साहेब मान खाली घालून बसलेत. म्हणजे हरकत नाही.

पुष्पगुच्छ दोन दिवसांत सुकतो, म्हणून आम्ही भाडेकरूंनी साहेबांसाठी एक शेगडी आणली आहे. साहेब, तुमच्याच नियमानं, ही जिथे ठेवाल तिथे घर. आमच्या मजल्यावर ठेवलीत, तर आमचंही होईल.

बोलायची संधी दिलीत, म्हाताऱ्या बाईचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. माझ्या तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल, तर पोटात घाला. तरीही कुणाला आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो लेखी द्यावा.

मला वाचता येत नाही.