धाकटीचे गुडघे

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. सोनगीरच्या माझ्या धाकट्या बहिणीचे दोन्ही गुडघे सेहेचाळिसाव्या वर्षीच गेले. मी तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ताई, बदललेला गुडघा वीसेक वर्षं टिकतो. मग पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा अजून दहा वर्षं सोसा."

ती म्हणाली, "आमना घरन्या बाया साठीपुढे जातीस नही, डॉक्टरसाहेब. एकदाच करा, बस शे."

डॉक्टरांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "आणि हे तुमचे भाऊ?"

"भाऊ जलमभर खुर्चीवर बठना. मना जलम वावरमा गया."

नोकरीत मी प्रत्येक अर्जावर शेरा मारला. या अर्जावर मात्र मी पेन डॉक्टरांकडे सरकवला. त्यांनी ऑपरेशनची तारीख लिहिली.