तीन हजारातला मासेभात

...आणि वर त्या दिवशी आमचे हे मलाच विचारतात, "तीन हजारात होत होतं ना सगळं, मग आज काय झालं?" आज काय झालं! अहो, आज काहीच झालं नाही, तेच तर झालं! आज मी पदरचा एक फ्रँक घातला नाही, म्हणून परातीत नुसता भात दिसतोय आणि मासा शोधावा लागतोय... पण हे बोलता येतं का? नाही येत. आमच्या पिकिन शहरात बाईने घरधन्यावर पांघरूण घालायचं असतं. त्याला काही कमी पडलं तर ते तिच्या तोंडून बाहेर जाता कामा नये. मी घातलं हो पांघरूण. पण असं घातलं, असं घातलं, की आत घरधनी गाढ झोपूनच गेले!

थांबा, नीट सांगते. मी कोदू. शाळेच्या फाटकाशी गोड भजी तळून विकते. आमचे हे अलासान, शिंपी आहेत, पायमशीन चालवतात. घरात नऊ तोंडं. आम्ही दोघं, सासूबाई, पाच पोरं, आणि ह्यांचा गावाकडचा चुलतभाऊ, जो दोन दिवसांसाठी म्हणून आला त्याला आता दोन वर्षं होतील. रोज सकाळी हे रोजखर्चाचे तीन हजार फ्रँक उशाशी ठेवतात. ठेवतात पण कसे, तर सोन्याचा दागिना ठेवावा तसे, हळूच, आणि माझ्याकडे बघत. हा आकडा ठरला तेव्हा धाकटी माझ्या पोटात होती. धाकटीचे आता दुधाचे दात पडायला लागले. आकडा जागचा हलत नाही!

तेव्हा तीन हजारात काय यायचं माहितीये? चोफ मासा यायचा, असा, की टोपलीत घातला तर शेपूट बाहेर लोंबायची आणि गल्लीतल्या मांजरी माझ्यामागे वरात काढायच्या. आता चोफ विमानात बसून परदेशी जातो. आम्ही गेलो नाही कधी विमानातून, तो जातो. राहिला तो याबोय, काटेच काटे, पूर्वी ज्याला कुणी विचारायचं नाही, आता त्यालाही भाव आलाय. तेल मी बाटलीने घ्यायचे, मग वाटीने, आता प्लास्टिकच्या पुरचुंडीत अंगठ्याएवढं मिळतं, त्यातलं निम्मं गाठीलाच लागतं. टोमॅटोचा आटवलेला गोळा दुकानवाली चमच्याने विकते, आणि विकून झाला की चमचा पुसूनही घेते! कुणाला कळणार आहे का हे? ह्यांना? ह्यांना बारा वाजता परात दिसते. परात भरलेली, म्हणजे तीन हजारात होतं!

आणि भरत कोण होतं परात? मी. भज्यांच्या पैशातून. ते पैसे कशाचे होते सांगू? फ्रीजरचे. जुन्या सामानाच्या दुकानात एक पांढरा फ्रीजर बघून ठेवलाय मी. एकदा तो घरी आला की बर्फ विकायचा, जास्वंदीचं थंड सरबत विकायचं, आणि त्या उकळत्या तेलापुढून उठायचं. नऊ वर्षं झाली मला कढईपुढे. डोळे जळतात, कोपरापर्यंत डाग आहेत. दुसरं काही मागितलं नाही मी कुणाकडे. पण काय होतं, पैसे जमतात आणि बाजारात जातात. जानेवारीत आम्ही फ्रीजरचं दार खाल्लं. रमजानात मोटर खाल्ली. बकरी ईदला सगळ्या जाळ्या खाल्ल्या, पाहुण्यांसकट!

तरी मी चालवून घेतलं असतं. पण एका शुक्रवारी हे नमाजाहून तीन मित्र घेऊन आले. आणायलाच हवेत, जेवणाच्या वेळी कुणाला दारावरून पाठवत नाहीत आमच्याकडे. पूर्वी लोक निदान "आत्ताच जेवलो" असं खोटं तरी बोलायचे. हल्ली कोणी खोटंही बोलत नाही, हात धुऊनच येतात. परातीभोवती बसले सगळे, मी मधला मासा मोडून एकेकापुढे सरकवतेय, आणि हे पाहुण्यांना ऐकवतात, "महागाई म्हणजे काय हो? ज्या बायकांना संसार येत नाही त्यांची ओरड. आमची कोदू बघा. तीन हजारात!"

तिथेच ठरवलं मी. उद्या खरोखर तीन हजारात.

आणि केला बाई तीन हजारात मासेभात. तांदळाची कणी, गाजर एक, कोबीचा चतकोर, कसाव्याच्या कंदाचा तुकडा, पुरचुंडीतलं तेल, आणि याबोय चार. नऊ जणांत चार! परात मध्ये ठेवली. भात पांढरटच, कारण लाल करायला टोमॅटो पुरला नव्हता. पोरं माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते. चुलतभावाने भाताखाली बोटं घालून पाहिली, मासा पुरून ठेवलाय की काय म्हणून. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, मासा आज समुद्रावरच जेवायला थांबला वाटतं." आणि हे... तेच ते. तीन हजारात होत होतं ना, मग आज काय झालं. मी म्हटलं, "अहो, बाजार महाग झालाय." तर म्हणाले, "बाजार नाही, तुझं लक्ष नाही. उद्या मी जातो."

गेले. टोपली घेऊन, इस्त्रीचा पायघोळ बुबू अंगात घालून, निकाहाला निघाल्यासारखे! मी दारात उभी राहून वाट बघतेय, मनात म्हणतेय, येऊ देत रिकामे, एक शब्द बोलणार नाही, नुसती बघीन. आणि हे आले तर टोपलीतून शेपूट बाहेर! चोफ! चोफ हो! वांगी, भोपळा, अख्खी बाटली तेलाची. खाली ठेवली टोपली आणि म्हणाले, "तीन हजारात."

मला वाटलं, माझंच काही चुकतंय का? इतकी वर्षं मला लुबाडलं का सगळ्यांनी? माशात मसाला भरला, मासा तळला, खालची खरवडसुद्धा खमंग लागली त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि बातमी काय लपते! गल्लीतले सगळे नवरे आपापल्या बायकांना म्हणायला लागले, अलासान बघ, तीन हजारात! समोरची अस्तू माझ्या भज्यांपाशी येऊन उभी राहिली. तिला तर घरात दोनच हजार मिळतात. म्हणाली, "कोदू, तुझ्या नवऱ्याला आवर. नाहीतर माझ्या चुलीत मीच जाईन बसायला." मला तरी कुठे कळत होतं!

कळलं तिसऱ्या दिवशी. मासेवाली रोखाया भजी घ्यायला आली आणि सहज बोलून गेली. हे रोज आठ-आठ हजार मोजत होते. आणि वर तिला शपथ घातलेली, घरी सांगायचं नाही! कुठून आणत होते? तर पायमशीनला विजेची मोटर बसवायची म्हणून वर्षभर साठवलेले पैसे होते. संध्याकाळी ह्यांचे गुडघे सुजतात, मी रोज तेल चोळते त्यांना. मी फ्रीजर खात होते, हे मोटर खायला लागले होते, आणि दोघंही एकाच परातीत! राग यायला हवा होता ना मला? नाही आला. जेवताना म्हटलं, "तुमच्यासारखा बाजार मला नाही जमायचा." हे खूश. मान वर. आणि मला रडू येत होतं, ते मी कांद्यावर ढकललं.

पाच दिवस. सहाव्या सकाळी उशाशी पाहते तर पाच हजार. हे पाठमोरे उभे, बुबूची बटणं लावत. म्हणाले, "बाजार बायकांनीच करावा. तुला दाखवायचं होतं ते दाखवलं." मग जरा थांबून, हळू आवाजात, "बाहेर मात्र तीनच सांग."

पाच हजार! तुम्हाला सांगते, मी बाजारात चालत नाही गेले, तरंगत गेले. डोक्यात हिशोब, की आता पदरचं घालायला नको, भज्यांचे पैसे डब्यात राहतील, सहा महिन्यांत फ्रीजर, सातव्या महिन्यात बर्फ. रोखायापुढे उभी राहिले, याबोयकडे बोट दाखवलं, आणि तिने जो भाव सांगितला ना... मी म्हटलं, रोखाया, बरी आहेस ना?

ती म्हणाली, "कोदू, तुझा नवरा पाच दिवस आला. मी सांगेन तो भाव, नोटा काढून हातात. कमी कर म्हणून एकदा बोलला नाही."

कसे बोलतील! पुरुषाने मासेवालीशी घासाघीस केली तर अब्रू जाते ना ह्यांची!

"मग मी रोज थोडा थोडा वाढवत गेले," ती म्हणाली. "मलाही घरी आठ जण आहेत गं. शेजारणींनी बघितलं, त्यांनीही वाढवला. आता ह्या रांगेत हाच भाव."

भांडले, हात जोडले, तीन वेळा उठून निघून गेल्यासारखं केलं. नाही हलली. पाच हजारात तेवढंच आलं, जेवढं आधी तीन हजारात येत होतं. चार याबोय. अस्तू माझ्याशी बोलत नाही, तिला तर दोन याबोयही परवडत नाहीत आता. मी कमरेची गाठ सोडली, भज्यांचे पैसे काढले, आणि परात भरली. जेवताना हे पाहुण्याला म्हणाले, "तीन हजारात!" मी मासा सरकवला पुढे. काय करणार?

पण फ्रीजर मी घेणार. वर्ष लागो, दोन लागोत. बर्फ म्हणजे काय हो, नुसतं पाणी, आणि सगळ्या बाजारात पाणीच काय ते अजून जुन्या भावात मिळतं... हळू, हळू बोला. ह्यांच्या कानावर गेलं, तर उद्या पाणी आणायलाही हेच जातील.