सुरक्षा कमिटीला पत्र

१९८५ साली मुलुंडच्या एका दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी बोलत होत्या.

“जानकी, काशीरामभावजींचा खोकला अजून थांबला नाही?”

“कसा थांबेल गं? कारखान्यात रोज गॅस गळतो. शेवटी त्यांनी सरकारच्या सुरक्षा कमिटीला पत्र टाकलं.”

“मग, आलं कोणी तपासायला?”

“कोणी नाही. चौथ्या दिवशी मालकांनीच ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. तेच पत्र टेबलावर होतं.”

“त्यांच्याकडे कसं गेलं?”

“अगं, मालकच त्या कमिटीवर आहेत ना!”

“वाट लागली! काय म्हणाले?”

“ओरडले नाहीत. चहा पाजला आणि विचारलं, ‘पत्र लिहिताना बरोबर कोण होतं?’”

“जानकी, खरं सांग. भावजींनी आमच्या ह्यांचं नाव नाही ना घेतलं?”

“नाही गं, शपथ. पण उद्या परत बोलावलंय.”