आबानं दिलेलं दार

हरिचंद : वैनी, उंबऱ्यातून उठा आता. व्यंकटराव रानातून यायच्या आत हे दार नव्या खोलीला बसलं पाहिजे.

पार्वती : अन् माझ्या खोलीला?

हरिचंद : तुराट्याची ताटी सांगितलीय.

पार्वती : गोठ्याला असती तसली?

हरिचंद : मी सुतार माणूस. मालक सांगतील तसं करतो.

पार्वती : हे दार माझ्या लग्नात आबानं दिलं, हरिचंद. वाशीमहून गाडीत सागवान घातलं, कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीची जकात भरली, तवा इथं आलं.

हरिचंद : धाकल्या बाईबी त्याच आबाची लेक न्हवं का?

पार्वती : म्हणून काय नवराबी एकच अन् दारबी एकच?

हरिचंद : नवी चौकट बुटकी हाय. दार खालून चार बोटं कापावं लागंल.

पार्वती : मला काहून इचारतो? चतुरे, ये भाईर! बघ, तुझ्यासाठी दार कापून राहिले.

चतुरा : मला नको ते, अक्का.

पार्वती : माझं घर घेतलंस, अन् दाराला लाजून राहिलीस?

चतुरा : मी घेतलं? तुला लेकरू झालं न्हाई, तवा परकी सवत येण्यापरीस भैन बरी, असा निरोप कुणी धाडला आबाला? मला कुणी इचारलं?

हरिचंद : भांडू नका, बायांनो. कडीचं तेवढं ठरवू. आतली काढून भाईरून लावायला सांगितलीय.

पार्वती : निजायच्या खोलीला भाईरून कडी?

हरिचंद : धाकल्या बाई दोनदा पळाल्या. परवा तर नाक्यापातुर गेल्या, शिपायानं माघारी आणलं. आता मालक रानात गेले की कडी घालायची. तुमी.

पार्वती : मी?

हरिचंद : तसंच म्हणले.

पार्वती : मी न्हाई घालणार. जा, सांग त्यान्ला.

हरिचंद : त्येबी बोललेत ते. थोरलीनं न्हाई ऐकलं तर तिला गाडीत घालून माहेरी सोडतो म्हणले. कायमची.

*(हरिचंद दार खालून कापून नव्या चौकटीला बसवतो आणि कडी बाहेरून ठोकतो.)*

हरिचंद : झालं. एकदा लावून बघता का, वैनी?

चतुरा : अक्का, दोघी जाऊ ना. आबा ठिवून घेतील.

पार्वती : मला ठिवून घ्यायचं असतं, तर तुला इथं धाडलं असतं का त्यान्नी?

चतुरा : मंग कुठंबी जाऊ.

पार्वती : कुठं?

*(चतुरा नाक्याच्या वाटेकडे बघते.)*

पार्वती : आत जा, बाई.

चतुरा : अक्का...

पार्वती : जा. बराबर लागती का बघू दे.

हरिचंद : कोयंड्यात दाबून घाला, वैनी. आत्ताच बसवलीय, घट्ट जाती.

पार्वती : चतुरे, आतून ढकल. जोरानं ढकल.

चतुरा : लागली, अक्का.