न्हाणीच्या आडोशाचा बॅनर

पोलीस ठाणे, कल्याण. दि. ८ एप्रिल २०२५, सकाळी ११.२०.

नाव रंगूबाई कुंडलिक गाडगे, वय अंदाजे ६६, धंदा हॉटेलांसाठी लसूण सोलणे, शिक्षण दुसरी नापास, वाचता येत नाही. राहणार कल्याण पूर्व, टेकडीखालची चाळ, खोली नं. ४.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, माझी नात संचिता दौलत गाडगे, वय १३, इयत्ता सातवी, काल दुपारपासून घरी नाही. तिचा बाप दौलत माझा मुलगा. तो आणि सून सगुणा दोघेही एड्सने गेले. तेव्हा पोर चार वर्षांची होती. आईबाप काविळीने गेले असे मी तिला सांगितले. तिलाही तोच आजार आहे, रोज रात्री आठला गोळी असते. ती रक्तवाढीची म्हणून देते. डबीवरचे लेबल मी खरवडले आहे. दवाखान्यातल्या ताई म्हणायच्या, आजी, आता तिला सांगा. मी म्हणायची, दहावी होऊ दे.

आमच्यासारख्या आज्यांना एक संस्था दर महिन्याला पीठ, डाळ देते. शनिवारी त्यांचा कार्यक्रम झाला. मागे मोठा बॅनर होता, त्यावर माझा व नातीचा फोटो. फोटोसाठी पूर्वी अंगठा घेतला होता. कशावर, ते वाचून दाखवले नव्हते. पोर मोठी झाली, न्हाणी उघड्यावर, म्हणून आडोशाला मी तो बॅनर मागून घेतला. संस्थेच्या नीरजा मॅडम म्हणाल्या, "न्या की आज्जी, तुमचाच आहे."

काल सकाळी संचिता शाळेत गेल्यावर मी तो बांधला. नात त्यात छान हसते म्हणून छापील बाजू बाहेर ठेवली. नळावर बाया एकदम गप्प झाल्या. मला वाटले, पाणी कमी आले.

पाऊण वाजता संचिता आली. बॅनरसमोर उभी राहिली. म्हणाली, "आजी, हे काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "शिकलेली तू, मला काय विचारतेस? तुझं कौतुक असेल." तिने दप्तर उंबऱ्यावर ठेवले व गेली. दुकानात गेली असेल म्हणून मी लसूण सोलत बसले. नंतर शेजारच्या सान्वीच्या आईने बॅनर वाचून दाखवला. 'एड्सने आईबाप हिरावलेल्या लेकरांच्या आजींना मदतीचा हात.'

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "आज्जी, तुमची संमती आहे ना." खडवलीला तिच्या मावशीला केला. ती म्हणाली, आली नाही, आली तर ठेवणार नाही.

काल चार वाजता चौकीत गेले. ते म्हणाले, आमची हद्द नाही. दुसरीकडे म्हणाले, एक दिवस वाट बघा. आज इथल्या साहेबांनी विचारले, कोणाबरोबर लफडे होते का. मी म्हणाले, लफडे तुमच्या डोक्यात आहे. हे लिहायला ते तयार नव्हते. मी लिहायला लावले.

अंगावर शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, उंची माझ्या कानापर्यंत. कालची गोळी चुकली आहे. डबी मी बरोबर आणली आहे. सापडली की आधी मला कळवा. तिच्यावर ओरडू नका.

फोटो मागितला. दुसरा फोटो नाही. म्हणून न्हाणीला बांधलेला बॅनर सोडवून आणला आहे. त्यातले तोंड तेवढे कापून घ्या. अक्षरे कुठे लावू नका. उरलेला मला परत द्या, चुलीत घालायचा आहे.

हवालदार म्हणाले, आधी अंगठा द्या, मग वाचतो. मी नाही म्हटले. म्हणून जबाब एकदा त्यांनी व एकदा महिला शिपाई यांनी वाचला. दोघांनी एकच वाचले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. आता अंगठा देते.

(डाव्या हाताचा अंगठा) रंगूबाई कुंडलिक गाडगे