जिन्यावरचं लाल

दवाखान्यात टाके घालायच्या खोलीबाहेर, बोटाला रुमाल गुंडाळून बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या बापलेकीचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"बाबा, आई आत आहे तोवर लॅपटॉपवर हे बघा. आपल्या ऑफिसात आता हेच आणू या. अख्ख्या इमारतीचं एकच मॉडेल. भिंती, बीम, पाइप, सगळं त्यातच."

"एवढी घरं कागदावरच काढली मी. एक तरी पडलं का?"

"पडायचं कशाला? तुमचा जिना एका कागदावर, बीम दुसऱ्यावर. इथे एकमेकांच्या आड आले की लगेच लाल दिसतं."

"ते साइटवर बघून घेता येतं गं. हे कुणाचं घर?"

"आपलंच. तुमच्या जुन्या नकाशांवरून केलं, सरावाला."

"मग जिन्यावर हे लाल कसलं?"

"बीम डोक्याला लागेल इतका खाली आलाय. तुम्ही आईवर रोज ओरडता ना, बघून उतर म्हणून? तिथेच."

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"बाबा?"

दार उघडलं. कपाळाला पट्टी बांधलेली आई बाहेर आली.

"झालं बाई एकदाचं. माझाच मेलीचा वेंधळेपणा, तुझे बाबा सांगून सांगून थकले! आणि हे काय गं, लाल लाल?"

"बाबा सांगतील."